कचरा जळाला, खटल्याचं काय?

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातून उचललेला 337 टन विषारी कचरा जून 2025 अखेर पीथमपूरच्या भट्टीत जळून संपला. चाळीस वर्षांनी का होईना, सुटलो, असा सूर उमटला. मला मात्र राहून राहून आठवतो तो सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल.

हजारो बळी घेणाऱ्या 1984 च्या वायुगळतीबद्दल सीबीआयने 1987 मध्ये कंपनी आणि तिच्या अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलं ते सदोष मनुष्यवधाचं. भारतीय दंड संहितेचं कलम 304, भाग 2. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. न्यायालयाने ते 304-अ वर उतरवलं. म्हणजे नुसता हलगर्जीपणा, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्याच दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षं होती! गळतीच्या रात्री कारखाना चालवला तर माणसं मरतील हे आरोपींना ठाऊक होतं, असा पुरावा नाही, असं कारण दिलं गेलं.

ठाऊक नव्हतं? 610 क्रमांकाच्या टाकीत चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं. ते थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद. सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी तोडलेली. कंपनीच्याच अमेरिकी पथकाने 1982 मध्ये त्रुटी लेखी दिल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी हा तरुण पत्रकार ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून शहराला धोक्याची जाणीव करून देत होता. त्याला बाहेरून दिसलं ते आतल्यांना दिसलं नाही, हे मला पटत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. कंपनीत गळती फोरमनला ठाऊक असते, खर्चकपात मॅनेजरला, ताळेबंद संचालकांना. कायदा मात्र सगळं ठाऊक असलेला एकच माणूस शोधतो. मोबाइल चोरणारा लगेच सापडतो, कारण तिथे हात आणि हेतू एकाचेच असतात.

जून 2010 मध्ये सात जणांना दोन वर्षांची शिक्षा झाली, कंपनीला पाच लाखांच्या घरात दंड. सातही जण त्याच दिवशी 25 हजारांच्या जामिनावर घरी गेले. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा अध्यक्ष वॉरन अँडरसनही 1984 मध्ये तेवढ्याच रकमेवर सुटला, तो परतलाच नाही. उलट आपल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी; जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून कितीतरी जण आतच.

दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने हलगर्जीपणाने झालेल्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांवर नेली, पण कंपनीला तुरुंगात कसं घालणार? ब्रिटनने 2007 मध्येच कारभारातल्या घोर बेपर्वाईसाठी खुद्द कंपनीला दोषी धरणारा कायदा केला. तसं कलम आपल्याकडेही हवं, आणि दंड उलाढालीच्या टक्केवारीत हवा.