दहा टक्क्यांच्या आत आलं, म्हणजे झालं?

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की विद्यार्थी एकमेकांना एकच विचारतात, "किती टक्के आले?" सॉफ्टवेअरने दहा टक्क्यांच्या आत साम्य दाखवलं की संदर्भांची काळजी मिटली, असा समज पक्का बसला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण ते यंत्र शब्दाला शब्द जुळवून पाहतं. इंग्रजी पुस्तकातलं पान मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवलं, तर बहुतेक वेळा त्याला पत्ताही लागत नाही. त्याच विनियमांतली वाङ्मयचौर्याची व्याख्या मात्र दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं अशी आहे. शब्द बदला, भाषा बदला, संदर्भ द्यावाच लागतो.

"लेखक जाऊन शंभर वर्षं झाली, आता कसला संदर्भ?" असंही कानावर येतं. इथे कॉपीराइट आणि संदर्भ यांची गल्लत होते. भारतात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि मजकूर छापायला परवानगी लागत नाही, एवढंच; संदर्भ तरीही द्यावाच लागतो.

मला सर्वांत खटकतो तो उसना संदर्भ. वि. का. राजवाड्यांनी 1898पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. त्यातलं एखादं पत्र आपण नंतरच्या कुणा अभ्यासकाच्या पुस्तकात वाचतो आणि तळटीप देतो थेट राजवाड्यांची, खंड-लेखांकासकट. त्याने प्रबंधाला वजन येतं, असं वाटतं. पण त्या अभ्यासकाने मधल्या दोन ओळी गाळल्या असतील किंवा लेखांक चुकवला असेल, तर ती चूक आता आपल्या नावाने पुढे जाते. आणि ज्याच्यामुळे ते पत्र आपल्याला सापडलं, त्याचं नाव तेवढं गळतं. रीत सोपी आहे: मूळ साधनाचं नाव द्या, पुढे 'उद्धृत' लिहून आपण प्रत्यक्ष वाचलेलं पुस्तक आणि पान द्या. मूळ खंड मिळत असेल, तर तोच उघडा. पत्राच्या आगेमागे काय आहे, हे तिथेच कळतं.

पानावरून आठवलं. शेवटी लांबलचक संदर्भसूची जोडली की पुरे, असं मानणारे कुठलं विधान कुठून आलं हे सांगतच नाहीत. सांगितलं तरी आवृत्ती राहते. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय कीर-मालशे यांनी संपादित केलं, नंतर य. दि. फडके यांनीही. नुसतं 'समग्र वाङ्मय, पृ. 212' वाचून परीक्षकाने कुठली प्रत उघडायची? संपादक, वर्ष, आवृत्ती हे सगळं आपण हातात घेतलेल्या प्रतीवरूनच लिहावं, दुसऱ्याच्या सूचीतून उतरवू नये.