अंदाजपंचे उत्तर: कुठे चालते, कुठे नडते

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तरामागे एकतृतीयांश गुण कापले जातात. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर सरासरी हिशेब शून्यावर येतो. आयईएलटीएस आणि टोफेलमधील वाचन-श्रवणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांना अशी नकारात्मक गुणांची टांगती तलवार नाही. तिथे चुकीचे उत्तर आणि कोरी जागा यांची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. तरीही देशी स्पर्धापरीक्षांतून आलेले विद्यार्थी सवयीने जागा कोरी सोडतात, आणि हे निव्वळ नुकसान आहे.

आयईएलटीएसमध्ये श्रवण आणि वाचन यांना प्रत्येकी 40 प्रश्न, प्रत्येकी एक गुण. ॲकॅडमिक वाचनात साधारण 23 बरोबर आल्यास सहा बँड मिळतो, 30 आल्यास सात. अर्धा बँड तीन-चार गुणांवर अडतो. चार पर्यायांचे आठ प्रश्न अंदाजाने सोडवले, तर सरासरी दोन गुण हाती लागतात.

अर्थात सगळे अंदाज सारखे नसतात. ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रश्नात आंधळ्या निवडीलाही तीनात एक संधी असते, आणि उतारा नीट पाहिला तर ती आणखी वाढते. संग्रहालयाने तिकीट स्वस्त केले, एवढेच उताऱ्यात आहे आणि विधान म्हणते की त्यामुळे गर्दी वाढली. गर्दीचा उल्लेखच नसेल तर ‘फॉल्स’ बाद होते. विधान खोटे ठरवायला उताऱ्यात त्याच्या विरुद्ध काही असावे लागते. रिकाम्या जागेत व्याकरण मदतीला येते: पुढे ‘वेअर’ असेल तर बहुधा अनेकवचनी नाम हवे. मात्र शब्दमर्यादा ओलांडली किंवा स्पेलिंग चुकले की बरोबर अंदाजही वाया जातो. वाचनाची उत्तरे उतरवायला 60 मिनिटांपलीकडे वेळ मिळत नाही, म्हणून कोऱ्या जागा भरायला शेवटचे मिनिट राखून ठेवावे.

पीटीई ॲकॅडमिकमध्ये मात्र जपून. एकच उत्तर असलेल्या प्रश्नात चुकीला दंड नाही, पण अनेक उत्तरे निवडायच्या प्रश्नात प्रत्येक बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एक जातो. ऐकलेले आणि छापलेले शब्द ताडून चुकीचे शब्द टिपण्याच्या प्रश्नातही हाच नियम आहे. प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत, यातच खरी गोम आहे. काहीच कळले नसेल तर एक पर्याय निवडण्यात गमावण्यासारखे काही नाही. एक उत्तर खात्रीचे असेल, तर दुसरे निम्म्याहून अधिक खात्री असल्याशिवाय निवडू नये. ते चुकले तर पहिल्याचा गुणही जातो. पुढच्या प्रश्नावर गेल्यावर मागे फिरता येत नसल्याने हा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो.

‘सगळीकडे सी ठोका’ हा सल्ला बिनबुडाचा आहे. ‘सी’ बरोबर असण्याची शक्यता इतर अक्षरांपेक्षा जास्त असते, असे मानायला काही आधार नाही.

सराव चाचणीत अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे खूण करावी आणि ती उत्तरे वगळून एकदा गुण मोजावेत. तयारी कुठवर आली आहे, ते त्या आकड्यावरून कळते.