विश्लेषण : लिलावात नाव नाही, रणजीही नाही, तरी ४१व्या वर्षी आयपीएलमध्ये तांबे पोहोचला कसा?

आयपीएलचा लिलाव जवळ आला की जालना रोडवरच्या करमाडपासून पार पालघरपर्यंत चर्चा एकच असते : कोणावर किती कोटींची बोली लागणार? ज्यांच्यावर बोली लागत नाही, किंवा ज्यांचे नाव यादीतच नसते, त्यांची बातमी होत नाही. क्रिकेट गांभीर्याने खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांची जागा मात्र या दुसऱ्या रांगेत असते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये अशा खेळाडूंसाठी ‘अनड्राफ्टेड’ असा स्वतंत्र शब्दच आहे. आपल्याकडे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा लेगस्पिनर प्रवीण तांबे. त्याची गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण तेवढ्यावर कोणी ४१व्या वर्षापर्यंत गोलंदाजी करत राहू शकत नाही. त्यासाठी महिन्याचा पगारही लागतो.

‘अनड्राफ्टेड’ म्हणजे नेमके काय?

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. १९६५ पासून दरवर्षी तिथे ‘ड्राफ्ट’ होतो. शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघ आळीपाळीने निवड करतात आणि साधारणपणे दुबळ्या संघांना आधी संधी मिळते. आपल्या लिलावासारखी बोली तिथे नसते. पूर्वी या निवडीच्या ४० फेऱ्या होत. २०२० मध्ये करोनामुळे त्या पाचवर आल्या आणि २०२१ पासून २० फेऱ्या होतात. सगळ्या फेऱ्या संपल्या तरी ज्याचे नाव पुकारले जात नाही तो ‘अनड्राफ्टेड’. त्याच्याशी कोणताही संघ थेट करार करू शकतो, पण रक्कम किरकोळ असते आणि सुरुवात तळाच्या लीगमधून होते.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. आपला गोलंदाजच म्हणा. मॅट शूमेकर हा असाच ड्राफ्टमध्ये कोणी न निवडलेला पिचर. २००८ मध्ये एंजल्स संघाने त्याला करारबद्ध केले. पाच वर्षे तो खालच्या लीगमध्ये घासत राहिला, सप्टेंबर २०१३ मध्ये मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी १६ विजय व चार पराभव अशा कामगिरीसह अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला. त्या काळी खालच्या लीगमधले वेतन इतके तुटपुंजे होते की हंगाम संपला की खेळाडू मिळेल ते काम धरत. या खेळाडूंचा पहिला सामूहिक वेतन करार व्हायला २०२३ साल उजाडले.

शूमेकर जिथे पाच वर्षे थांबला, तिथे तांबे दोन दशके थांबला होता.

लिलावाशिवाय तांबेला संघ कसा मिळाला?

इथे नियमाचा एक तपशील महत्त्वाचा आहे. २०१३ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेले भारतीय खेळाडू लिलावात येतच नसत. संघ त्यांच्याशी थेट करार करत. २०१४ पासून तेही लिलावाच्या यादीत आले. म्हणजे राजस्थान रॉयल्सने तांबेला घेतले ते जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी. त्याच्या नावापुढे तेव्हा रणजीचा एकही सामना नव्हता. आजच्या यादीत राज्य संघटनेमार्फत नाव जाते आणि खेळाडूची ओळख आकड्यांवरून होते. वयाच्या रकान्यात ४१ आणि सामन्यांच्या रकान्यात शून्य असलेल्या गोलंदाजाकडे लिलावाच्या टेबलावरून कोणी दुसऱ्यांदा पाहिले असते असे वाटत नाही. त्याला कोणीतरी मैदानावर चेंडू टाकताना पाहायला हवे होते, आणि तसेच झाले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील ट्वेंटी-२० स्पर्धेतली त्याची गोलंदाजी कामी आली. राहुल द्रविडसारखा, वयापेक्षा चेंडू कुठे पडतो ते पाहणारा कर्णधार त्याला लाभला. ७ मे २०१३ रोजी जयपूरमध्ये दिल्ली डेअरडेव्हिल्सविरुद्ध तांबेने आयपीएलमध्ये पदार्पण केले.

तोवरची वीस वर्षे त्याने काढली कशी?

तांबेचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ चा. सुरुवातीला त्याला मध्यमगती गोलंदाज व्हायचे होते. ओरिएंट शिपिंगच्या संघातून खेळताना कर्णधार अजय कदम यांनी त्याला लेगस्पिन टाकायला सुचवले आणि त्याची वाट बदलली. कांगा लीगमध्ये तो पारसी सायकलिस्ट्सकडून ‘ब’ गटात खेळला, पुढे शिवाजी पार्क जिमखान्याकडून ‘अ’ गटात. पुढे डी. वाय. पाटील संघाकडूनही खेळला. मुंबईच्या रणजी संघाचे दार मात्र उघडले नाही.

या नावांकडे नीट पाहिले की मुंबईच्या क्रिकेटची रचना दिसते. कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर. तिथे फलंदाज घडतात असे म्हणतात, पण फिरकीपटूला वर्षातले जादा तीन महिने खेळायला मिळतात, हे कमी बोलले जाते. दुसरीकडे कार्यालयीन क्रिकेट. टाइम्स शील्डसाठी बँका, रेल्वे, टाटा, मफतलाल, निर्लॉन अशा आस्थापनांचे संघ उतरत आणि त्यासाठी खेळाडूंना नोकरीवर घेत. सकाळी हजेरी, दुपारी नेट आणि महिन्याच्या शेवटी पगार. रणजी न खेळलेला माणूससुद्धा या व्यवस्थेत संसार चालवून चाळिशीपर्यंत दर आठवड्याला दर्जेदार फलंदाजांना गोलंदाजी करू शकत होता.

चाळिशीतला लेगस्पिनर म्हणजे शिकण्याचे वय ओलांडलेला माणूस, असा आपला समज. मनगटी फिरकी ही मुळात उशिरा पिकणारी कला आहे. वेगवान गोलंदाजाचे शरीर पस्तिशीत थकते. लेगस्पिनरला हजारो षटके टाकल्यावर कुठे टप्पा सापडतो. तांबेकडे ती हजारो षटके होती, फक्त ती धावफलकांच्या सरकारी नोंदीत नव्हती.

पदार्पणानंतर काय झाले?

पहिल्या आयपीएल हंगामात मोजकेच सामने मिळाले. खरी ओळख झाली ती त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये. पाच सामन्यांत १२ बळी, षटकामागे जेमतेम चार धावा आणि स्पर्धेतला सर्वाधिक बळींचा मान. ६ ऑक्टोबर २०१३ ला दिल्लीत मुंबई इंडियन्सविरुद्धचा अंतिम सामना रॉयल्सने गमावला, पण तांबेचे आकडे होते १९ धावांत दोन बळी. सचिन तेंडुलकर आणि राहुल द्रविड या दोघांचाही तो मर्यादित षटकांचा अखेरचा सामना. वयाने तांबे दोघांपेक्षाही मोठा, आणि त्याची सुरुवात होत होती! त्याच मोसमात मुंबईने त्याला रणजीत खेळवले. आयपीएल आधी आणि रणजी नंतर असा हा उलटा प्रवास. प्रथम श्रेणीचे एकूण सामने मात्र दोनच.

५ मे २०१४ चा अहमदाबादचा सामना अनेकांना आठवत असेल. कोलकात्यासमोर १७१ धावांचे लक्ष्य होते आणि धावफलक होता बिनबाद १२१. शेन वॉटसनच्या एका षटकाने पडझड सुरू झाली. पुढच्या षटकात तांबेचा पहिला चेंडू वाइड, आणि त्यावरच मनीष पांडे यष्टिचीत. मग युसूफ पठाणचा स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल, मग रायन टेन डोशाटे पायचीत. वाइड चेंडू मोजला जात नसल्याने अधिकृत दोन चेंडूंतच हॅट्ट्रिक पूर्ण झाली. बिनबाद १२१ चे ६ बाद १२३ झाले आणि रॉयल्सने सामना १० धावांनी जिंकला. त्या हंगामात तांबेचे १५ बळी होते. पुढे गुजरात लायन्सकडून खेळून आयपीएलमध्ये त्याने एकूण ३३ सामन्यांत २८ बळी घेतले.

४८व्या वर्षी बोली लागूनही तो खेळला का नाही?

१९ डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्याला २० लाखांच्या पायाभूत किमतीला घेतले. पण २०१८ मध्ये तो शारजातल्या टी-१० लीगमध्ये खेळला होता; तिथे हॅट्ट्रिकसह पाच बळीही घेतले होते. निवृत्त न झालेल्या भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी लीग खेळायला बीसीसीआयची मनाई आहे. तांबेने निवृत्ती जाहीर करून ती मागे घेतली होती. त्याला अपात्र ठरवण्यात आले. नियम सर्वांना सारखाच आहे हे खरे. पण वार्षिक करार असलेल्या खेळाडूला बांधून ठेवणे आणि ज्याला मंडळाकडून कसलाच करार नाही अशा माणसाला बांधून ठेवणे, यांत फरक करायला हवा होता, असे वाटते. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरेबियन प्रीमियर लीगमध्ये उतरला. त्या लीगमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय. २०२२ मध्ये त्याच्यावर ‘कौन प्रवीण तांबे?’ हा चित्रपट आला. भूमिका श्रेयस तळपदेने केली.

भारतातून कोणी पिचर झाले का?

झाले. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनी आयुष्यात बेसबॉल हातात धरला नव्हता. वर्षाच्या आत पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला आणि २००९ च्या उन्हाळ्यात ते तळाच्या लीगमध्ये खेळले. पटेल २०१० मध्ये मोकळा झाला. रिंकू दुखापतींशी झगडत काही वर्षे टिकला, पण मुख्य लीगपर्यंत पोहोचला नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. जोरात फेकण्याची ताकद दोघांकडे होती. लहानपणापासूनचे सामने नव्हते, आणि ती उणीव दोन-तीन वर्षांत भरून निघत नाही.

आज यादीबाहेरून आत यायचे मार्ग कोणते?

पहिला, नेट गोलंदाज म्हणून. महाराष्ट्राचा डावखुरा वेगवान गोलंदाज मुकेश चौधरी २०२१ मध्ये चेन्नई सुपर किंग्जच्या नेटमध्ये होता. पुढच्या लिलावात त्याच संघाने त्याला २० लाखांना घेतले आणि २०२२ च्या हंगामात त्याने १३ सामन्यांत १६ बळी मिळवले. नेटमध्ये रोज डोळ्यांसमोर असणे हीच त्याची शिफारस.

दुसरा मार्ग बदली खेळाडूचा. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या लिलावात पालघरच्या शार्दूल ठाकूरवर कोणीही बोली लावली नाही. मोहसीन खान जायबंदी झाल्यावर लखनौने शार्दूलला दोन कोटींना घेतले आणि २७ मार्च २०२५ ला हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी घेतले. अर्थात शार्दूल कसोटीपटू होता, फोन यावा इतकी ओळख आधीपासून होती. नवख्याला हा मार्ग जवळजवळ बंदच.

तिसरा राज्याच्या लीगचा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये छत्रपती संभाजी किंग्ज हा संघ होता, आणि आयपीएलचे निवड करणारे अशा लीग पाहतात.

करमाडच्या मुलासाठी याचा अर्थ काय?

मराठवाड्यातून गोलंदाज पुढे आलेच नाहीत असे नाही. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. पण तो कमी वयातच व्यवस्थेच्या आत आला होता. प्रश्न आहे तो १९ व्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीत मागे राहिलेल्या मुलाचा. मुंबईच्या हद्दीबाहेरचा असल्याने तो महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येतो, आणि संघटनेचे केंद्र पुणे. करमाडपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. एका निवड चाचणीला जायचे तर दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे गेले. घरचे एकदा देतात, दोनदा देतात. विशीनंतर तो टेनिस चेंडूच्या बक्षिसी स्पर्धांकडे वळतो, कारण तिथे रोख मिळते, आणि लेदर चेंडू हातातून सुटतो.

तांबेला जे ओरिएंट शिपिंग आणि कांगा लीगने दिले, ते या मुलाला कोण देणार? करमाडच्या शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे वाळूज आहे. खेळाडू म्हणून चार-सहा गोलंदाजांना नोकरी देणे आणि वर्षभर लेदर चेंडूची कारखाना लीग चालवणे हे मोठ्या कंपनीच्या खर्चात किरकोळ काम. मुंबईत कार्यालयीन क्रिकेट उभे राहिले तेही अशाच कंपन्यांच्या जोरावर. उदारीकरणानंतर त्यांनी हात आखडता घेतला आणि तिथलीही भरती आटली. तोवर पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट : नेट गोलंदाजाची किंवा संघातली जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या ‘एजंटा’ला दारात उभे करू नये. चाचणीची तारीख जिल्हा संघटनेकडे विचारावी, आणि मुलाच्या प्रत्येक सामन्याचा धावफलक जपून ठेवावा.