लाखाची पाल

मैत्रिणींनो, पालीचे नाव काढताच तुम्ही अंग चोरलेत ना? माझेही तसेच होते. पण गेल्या पावसाळ्यात शेजारचा नववीतला मुलगा लोणच्याची बरणीच घेऊन दारात उभा राहिला. आत एक गलेलठ्ठ पाल!

"बाई, अशी पाल लाखाला जाते. मोबाईलवर आलंय. दोन हजार आधी भरायचे, मग माणूस येऊन घेऊन जातो."

त्याच्या वडिलांचे ऑपरेशन व्हायचे होते. आईने दोन हजार काढूनही ठेवले होते. मी दोघांना बसवले, चहा टाकला.

ज्या पालीचा हा गवगवा आहे, ती टोके पाल. आपल्या तळोद्याच्या भिंतीवर ती सापडायची नाही. आसाम-मणिपूरपासून इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंतची ती रहिवासी. चांगली फूटभर लांब, निळसर-राखाडी अंगावर नारिंगी ठिपके. रात्री नर 'टो-के, टो-के' असा ओरडतो, त्यावरूनच हे नाव पडले. मादी झाडाच्या ढोलीत नाहीतर फटीत बहुधा दोन अंडी चिकटवते आणि त्यांची राखणही होते बरं का!

परदेशात हौशी लोक तिला काचेच्या पेटीत पाळतात. पण पेटीत ऊब हवी, दमटपणा हवा, चढायला फांद्या हव्यात, खायला जिवंत किडे हवेत. दोन नर एकत्र ठेवले की भांडतात. आणि चावली तर लवकर सोडत नाही.

मग लाखाची गोष्ट कुठून आली? तिच्यापासून एड्स, कर्करोग बरा होतो, या अफवेतून. याला कसलाही आधार नाही, असे फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने २०११ सालीच बजावले. २०१९ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आपल्याकडे तर तिला पकडणे, विकणे हा गुन्हाच आहे.

घरात दुखणे आले की आपण बायका कुणी काही सांगितले तरी करून बघतो. फसवणारे नेमके तिथेच बोट ठेवतात. म्हणून सांगते, आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि आपली घरची पाल? ती विषारी नाही. मात्र तिच्या विष्ठेतून रोगजंतू अन्नात जाऊ शकतात, तेव्हा भांडी झाकून ठेवा. बाकी तिला किडे खाऊ द्या.

बरणीतली पाल आम्ही परसातल्या भिंतीवर सोडली. दोन हजार आईच्या डब्यात परत गेले.