स्नायू : साखरेची कणगी

२००४ सालच्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा भरला : २२.३. पण क्ष-किरणांच्या खास यंत्रानं अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम काय, तर रोज सकाळी रुग्णालयात लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. तशी नोंदच त्या लेखात होती.

चरबी दुपटीहून जास्त आणि उंचीच्या मानानं वजन मात्र सारखंच, याचा अर्थ दुसरं काहीतरी कमी आहे. ते म्हणजे स्नायू. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा विषय निघाला की आपण साखर, तेल, मीठ आणि वजन यांवर भरभरून बोलतो. स्नायूंचं नाव सहसा कोणी काढत नाही. संशोधन मात्र अनेक वर्षं तिकडेच बोट दाखवतं आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर जरा जास्तच ठळकपणे.

जन्मापासूनची तूट

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. नुसतं वजन करून ते थांबले नाहीत. बाळाच्या डोक्याचा, दंडाचा आणि पोटाचा घेर मोजला. खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची घडी एका खास चिमट्यात अलगद धरून तिची जाडी घेतली, कारण त्या घडीवरून कातडीखालच्या चरबीचा अंदाज येतो. मग ही मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली.

इंग्लंडच्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो होतं, पुण्याकडच्या बाळांचं २.७ किलो. आपली बाळं प्रत्येक मापात लहान होती. पण सगळ्याच मापांत सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले होते, फऱ्याखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला हडकुळं, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त, असं हे बाळ. पोटात असताना पोषण अपुरं पडलं, की वाढणारा जीव मेंदू आधी जपतो आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. आईचं कुपोषण असं पुढच्या पिढीच्या मधुमेहाशी जोडलेलं आहे.

‘अंगानं बारीक आहे, त्याला कसली आलीय शुगर’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते किती फसवं आहे, हे यावरून कळावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं : प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चौघांत एकाहून जास्त. हृदयाची कथाही तशीच. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचं दिसलं. इतरत्र हे वय ५९च्या घरात होतं. ही वर्षं ऐन कमावत्या वयातली, मुलांची शिक्षणं चालू असतानाची आहेत.

जेवणानंतर अंगात काय घडतं

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम साखर असते. एक चहाचा चमचा भरेल, तेवढीच. आणि वरण-भात, भाजी-पोळीच्या एका जेवणातून त्याच्या दहापट, पंधरापट साखर रक्तात उतरू शकते. ती तिथे साठून राहिली तर रक्तवाहिन्यांची नासाडी ठरलेली. म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि साखर रक्तातून उचलून पेशींमध्ये पोचवली जाते. इन्शुलिनच्या सांगण्यावरून उचललेल्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा जातो तो स्नायूंत.

स्नायू म्हणजे आपल्या शरीरातली साखरेची कणगी. तिथे ती ग्लायकोजेनच्या रूपात साठते. यकृतात साधारण १०० ग्रॅम मावतं, तर सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. कणगी मुळातच लहान असेल, आणि त्यातून दिवसभर कोणी मूठभरही काढत नसेल, तर वरून आणखी ओतायला जागा कुठून आणायची? न मावलेली साखर यकृताकडे वळते आणि तिथे तिची चरबी होते. यकृत चरबीनं भरतं, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. पोटाचा घेर वाढतो. स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतत राहतं. बरीच वर्षं हा खटाटोप चालतो आणि रिपोर्टमधली साखर ‘नॉर्मल’ दिसत राहते. या काळात रक्तवाहिन्यांचं अस्तर मात्र झिजत असतं. अमेरिकी संशोधक जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या साऱ्या बिघाडांची एकत्र मोट बांधून दाखवली, तेव्हापासून मधुमेह आणि हृदयविकार यांच्याकडे एकाच मुळाच्या फांद्या म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

व्यायामाचं खरं महत्त्व इथे कळतं. साखर स्नायूपेशीत शिरते ती ‘ग्लुट-४’ नावाच्या वाहक प्रथिनातून. एरवी ही प्रथिनं पेशीच्या आत पडून असतात आणि इन्शुलिनचा निरोप आला की पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन पावला, म्हणजे आपण चाललो, जिना चढलो, बैठका काढल्या, की हीच प्रथिनं इन्शुलिनच्या निरोपाविनाही वर येतात. इन्शुलिनला दाद न देणारे स्नायूही या दुसऱ्या वाटेनं साखर ओढून घेतात. हा केवळ तेवढ्यापुरता फायदा नाही. व्यायाम झाल्यावर पुढचे २४ ते ४८ तास स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. रविवारी एकदाच टेकडी चढून आठवड्याची भरपाई होत नाही.

लंडनच्या बसमधला जिना

हालचालीचा हृदयाशी संबंध आकडेवारीनं दाखवला तो जेरी मॉरिस यांनी, १९५३ मध्ये. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी अभ्यासासाठी निवडले. दोघं एकाच बसमध्ये, साधारण एकाच सामाजिक थरातले. फरक इतकाच, की ड्रायव्हर पाळीभर बसून असे आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. हजारी प्रमाण काढलं तर हृदयविकार वर्षाला ड्रायव्हरांमध्ये २.७ आणि कंडक्टरांमध्ये १.९ इतका निघाला. शिवाय कंडक्टरांना झटका आलाच तर तो कमी जीवघेणा असे.

शंका लगेच आली : मुळात जाड माणसंच ड्रायव्हरकी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी ती झटकून टाकली नाही. त्यांनी बस कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पँटींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या. पण पुढच्या अभ्यासात दिसलं, की कंडक्टर सडपातळ असो वा सुटलेल्या पोटाचा, त्याचा धोका ड्रायव्हरपेक्षा कमीच होता. म्हणजे वजन उतरलं नाही, तरी चालण्या-चढण्याचं पुण्य वाया जात नाही. महिनाभर फिरून काटा हलला नाही म्हणून बूट कोपऱ्यात टाकणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकायला हवं.

उलट्या बाजूचा पुरावा अमेरिकेतल्या डॅलसमधून आला. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. श्रम करताना ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता सुमारे पाव हिश्शानं घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीन दशकांच्या वाढत्या वयानं केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामानंतर पन्नाशीतल्या या मंडळींनी तीस वर्षांत गमावलेली क्षमता भरून काढली. ‘आता वय झालं’ ही सबब या पाच जणांनी निकालात काढली आहे.

किती लवकर, किती काळ

चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ जणांचे गट केले गेले. काहींना आहाराचं, काहींना व्यायामाचं, काहींना दोन्हींचं मार्गदर्शन सहा वर्षं मिळालं. तीस वर्षांनंतर हिशेब मांडला, तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांना मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा झाला होता आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. याउलट अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या मोठ्या चाचणीत, मधुमेह आधीच झालेल्या वजनदार लोकांचं वजन आहार-व्यायामानं उतरवलं गेलं. त्यांची साखर सुधारली, तंदुरुस्ती वाढली, पण हृदयविकाराचे झटके दहा वर्षांच्या आसपास काळात कमी झालेले दिसले नाहीत. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर निदान होण्याआधीची वर्षं किती मोलाची आहेत, हे ध्यानात येतं.

आपल्याकडे हे जमतं का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ मध्ये त्याचं उत्तर दिलं. त्यांच्या चाचणीतली माणसं पाश्चात्त्य रुग्णांच्या मानानं बारीक होती आणि त्यांचं वजन फारसं घटलंही नाही. तरी आहार आणि चालण्याच्या साध्या सल्ल्यानं तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या औषधाचा परिणामही जवळपास तेवढाच होता.

आपली अडचण निराळीच आहे. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या ‘इंडियाब’च्या पहिल्या टप्प्यात निम्म्याहून जास्त लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले, आणि मोकळ्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते.

मग करायचं काय

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, ही त्याची सोपी खूण. त्याच शिफारशीतलं दुसरं वाक्य आपण वाचतच नाही : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. जन्मापासून स्नायूंची तूट असलेल्या आपल्यासारख्यांना हेच वाक्य सर्वांत गरजेचं आहे. त्यासाठी जिमची फी भरायलाच हवी असं नाही. बैठका, जोर, सूर्यनमस्कार आपल्या आखाड्यांत आणि अंगणांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. त्यांना कामाला लावलं की साखरेचा उठाव लगेच होतो. सोबत डाळी, उसळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिनं हवीत, नाहीतर स्नायू भरणार कशानं?

जेवणानंतरच्या शतपावलीलाही शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात साठीपुढच्या, साखर काठावर असलेल्या लोकांवर एक छोटी चाचणी झाली. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालण्यानं दिवसभराची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकीच आटोक्यात राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर जास्त चांगली उतरली. रात्री जेवून थेट सोफ्यावर बसणाऱ्या घरांनी एवढा एक बदल केला तरी पुष्कळ.

हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांना घरचे लोक काळजीपोटी जागचं हलू देत नाहीत. भारतातल्या २४ रुग्णालयांत अशा सुमारे चार हजार रुग्णांवर ‘योग-केअर’ चाचणी झाली. योगाधारित कार्यक्रमानं पुढचे झटके आणि मृत्यू निर्विवादपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण रुग्ण पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगले परतले आणि त्यांना स्वतःच्या तब्येतीबद्दल बरं वाटू लागलं. मात्र अशा रुग्णांनी, तसंच इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, व्यायामाची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. चालताना छातीत दाटून आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर तिथेच थांबून रुग्णालय गाठायचं.

घरात वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवा. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर वजन कितीही ‘नॉर्मल’ असो, तपासणी करून घ्या. शाळांमध्ये खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नका. आणि मुलींच्या ताटात प्रथिनं, भाज्या, फळं मुलांइतकीच पडू द्या, त्यांना खेळायला मैदानावर पाठवा. उद्याच्या पिढीच्या स्नायूंची घडण त्यांच्या पोषणातून सुरू होणार आहे, आणि ते काम औषधाच्या दुकानातून होणारं नाही.