वायर जाळू नका, आणि धुळीलाही जपा

गावाबाहेरच्या पडीक जागेत तिन्हीसांजेला काळाकुट्ट धूर दिसला आणि घशात खवखवणारा उग्र वास आला, तर तिथे बहुधा भंगारातली वायर जाळली जात असते. वरचे प्लॅस्टिक जळते, आतले तांबे हाती लागते. खर्च काय तो काडेपेटीचा!

हे प्लॅस्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि नाका-घशातल्या ओलाव्यात विरघळून त्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड बनते. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, दमेकऱ्याची धाप वाढते. तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. धुरात बराच वेळ राहिलेल्या माणसाला काही तासांनीसुद्धा दम लागू शकतो. तसे झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. याच धुरात डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात, आणि त्यांच्या निर्मितीला ते तांबेच हातभार लावते. त्यांतले सर्वांत जहाल डायॉक्सिन माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केले. धूर विरला तरी ही विषे मातीत आणि चाऱ्यावर राहतात व जनावरांच्या दुधात उतरतात.

भंगाराच्या धंद्यात आता ग्रॅन्युलेटर नावाचे यंत्र आले आहे. कडबाकुट्टी पाहिलेल्यांना ते समजायला वेळ लागणार नाही. फिरती आणि स्थिर अशा पोलादी पात्यांमध्ये वायर कापली जाते. खाली जाळी असते. तिच्या भोकांतून पडण्याइतके, म्हणजे काही मिलिमीटरचे, तुकडे होईपर्यंत कापणे चालूच राहते. इतके बारीक झाल्यावर तांबे आणि प्लॅस्टिक एकमेकांपासून सुटतात. लोहचुंबक लोखंड वेचून घेतो. मग चक्क उफणणी! थरथरणाऱ्या तिरप्या जाळीखालून वारा सोडतात. तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, पीव्हीसी जेमतेम दीडपट. हलके प्लॅस्टिक वाऱ्यावर तरंगत उताराकडे जाते, जड तांबे थरथरीने चढाकडे सरकते. आग नाही, धूर नाही. शिवाय जळक्या, काळवंडलेल्या तांब्याला स्वच्छ तांब्यापेक्षा भाव कमी येतो, हे व्यापाऱ्यांना मी सांगायला नको.

मात्र धूर गेला म्हणजे सगळे भागले असे नव्हे. पीव्हीसी उष्णतेने खराब होऊ नये म्हणून जुन्या वायरींच्या आवरणात शिशाची संयुगे घालत. यंत्रात त्याची धूळ होते. यंत्राला धूळ ओढणारा पंखा आणि कापडी पिशव्यांची गाळणी असते. वीज वाचवण्यासाठी ती बंद ठेवणारा मालक कामगारांच्या जिवावर बचत करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शिशाच्या आवरणाची, तेल-कागदाची जुनी भूमिगत केबल तर या यंत्रात घालूच नये.

शिसे अंगात साठत जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, फिकटपणा, थकवा ही त्याची लक्षणे. रुग्ण मात्र जंताचे औषध आणि टॉनिक घेत राहतो. त्याहून मोठा धोका घरच्या लहानग्यांना. कामाच्या कपड्यांनी बापाने मूल उचलले की धूळ मुलाच्या हातावर आणि तेथून तोंडात जाते. मुलांच्या वाढत्या मेंदूला सुरक्षित अशी शिशाची कोणतीच मात्रा नाही. गरोदर स्त्रीकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचते. म्हणून कपडे कामावरच बदलावेत आणि घरी वेगळे धुवावेत. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये, विडी ओढू नये आणि तळहातावर तंबाखू तर मुळीच मळू नये. जमीन कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. यंत्राचा आवाजही कानठळ्या बसवणारा असतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर कानांना संरक्षण हवेच.

गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असा एक समज आहे. गूळ खुशाल खा, पण त्याने रक्तातले शिसे कमी होत नाही. असे काम करणाऱ्यांनी रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. ती नेहमीच्या रक्ततपासणीत होत नाही, डॉक्टरांना मुद्दाम सांगावी लागते. अंगात लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते, तेव्हा त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे.