सुटीनंतरची शाळा

जून महिना मध्यावर येतो, क्षिप्रेकाठी पहिल्या सरींची वाट पाहिली जाते आणि उज्जैनमधील शाळांची दारे पुन्हा उघडतात. अठराव्या शतकात शिंद्यांनी येथे राजधानी केली. १८१० साली ती ग्वाल्हेरीस गेली, तरी त्यांच्यामागून आलेली मराठी घराणी या नगरीत रुजली. त्या घरांतील पुष्कळ मुले मे महिना महाराष्ट्रात आजोळी घालवून परतलेली असतात. अशा मुलाच्या पोटात शाळेच्या पहिल्याच सकाळी दुखू लागले, म्हणजे घरची मंडळी त्यास ढोंगी ठरवून मोकळी होतात. वस्तुतः ते बहुधा ढोंग नसते. मनावरील ताणाने बालकाच्या पोटात खरोखरीच कळ येते. ती काय सांगते आहे, हे ओळखणे वडीलधाऱ्यांचे काम होय.

पहिले कारण अगदी साधे असते, ते झोपेचे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास निद्रा हवी. सुटीत अंगणातील गप्पा मध्यरात्रीपर्यंत रंगलेल्या असतात. ती सवय एका रात्रीत मोडत नाही. म्हणून शाळा उघडण्यापूर्वी आठ-दहा दिवस निजण्याची व उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. उठताच मुलाला सकाळच्या उजेडात न्यावे आणि रात्री डोळ्यांपुढील मोबाईल दूर ठेवावा.

दुसरे कारण भाषेचे. ते अशा घरांतच विशेष आढळते. आजोळी महिनाभर कानांवर मराठी पडलेली असते आणि वर्गात शिकवणे हिंदीतून अथवा इंग्रजीतून चालते. लिपी एकच असली, तरी ‘पंचेचाळीस’ आणि ‘पैंतालीस’, ‘एकोणसाठ’ आणि ‘उनसठ’ यांची सांगड घालताना मूल क्षणभर अडखळते. त्यातच सुटीत वाचनापेक्षा आकडेमोड अधिक विसरली जाते. यावर धाकदपटशा हा उपाय नव्हे. बाजारातून भाजी आणताना हिशेब हिंदीत करवून घ्यावा, शाळेचे पुस्तक रोज दोन पाने मोठ्याने वाचवावे. मराठी मात्र बंद करू नये; घरच्या भाषेत पक्के झालेले ज्ञान दुसऱ्या भाषेत नेता येते.

याच दोन भाषांतला एक शब्द पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. “थांब, शाळा सुरू होऊ दे, मग बाई बघतील तुझ्याकडे!” असे सुटीभर ऐकलेल्या मुलाला पहिल्या अर्थाऐवजी दुसराच अर्थ पटतो. त्यापेक्षा दप्तर त्याच्याच हातून भरवावे, वह्यांना वेष्टने त्याच्यासह घालावीत आणि जुन्या सोबत्यास एखाद्या संध्याकाळी घरी बोलवावे. मित्र भेटला, की निम्मी भीती सरते.

शिक्षकांचेही येथे कर्तव्य आहे. पहिल्या आठवड्यात परीक्षा न घेता मुलांना सुटीतील हकिकती सांगू द्याव्यात, मागील पाठांची उजळणी करावी. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही मूल रडत असेल, तर त्याला फळ्यावरचे दिसते काय, कोणी त्रास देते काय, याची शांतपणे चौकशी करावी. दुखणे टिकल्यास वैद्यांस दाखवावे.

उज्जैनच्या अंकपात भागात सांदीपनींचा आश्रम आहे. श्रीकृष्ण आपल्या पाटीवरील अंक येथे धूत असे, अशी श्रद्धा असून त्यावरूनच हे नाव पडले असे मानतात. सरपणासाठी अरण्यात गेलेले कृष्ण-सुदामा वादळात अडकले, तेव्हा सूर्योदय होताच गुरू स्वतः त्यांना शोधीत गेले, असे भागवत सांगते. उशीर का झाला, हे त्यांनी विचारले नाही. शिष्यांनी सोसलेल्या कष्टांबद्दल कळवळून त्यांनी आशीर्वाद दिला. सुटीच्या मोकळ्या रानातून परतणाऱ्या प्रत्येक मुलाला घरात व वर्गात अशीच माणसे भेटली, तर पाटी नव्याने लिहिण्यास ते आपण होऊन बसेल.